नसीमआपाचं उघडं तिकीट

आजही ऑफिसात कुणी "झालं" म्हणालं की मी खुर्ची वळवून त्याच्याकडे बघते. कुणाचं झालं, कोण म्हणालं झालं, हे विचारल्याशिवाय मला पुढे सरकताच येत नाही. पोरं वैतागतात. वैतागू देत. आम्हीही असेच वैतागायचो. ही खोड मला नसीमआपानं लावली. "झालं" हा शब्द तिला शिवीसारखा लागायचा. कुणाच्या तोंडून निघाला, की चष्मा कपाळावर ढकलून ती म्हणायची, "तुहं झालं. त्याचं झालं का?"

'तो' म्हणजे ज्यानं तक्रार केली तो. वरूडचा संत्र्यांचा व्यापारी असेल, धारणीच्या पतसंस्थेतला कारकून असेल, कुठल्या जिनिंगचा मुनीम असेल. आपाच्या हिशेबी काम त्याचं होतं, आम्ही मधले.

आमचं ऑफिस अमरावतीत अंबापेठेत होतं. खाली नळ-पाइपांचं दुकान, वर आम्ही. व्यापाऱ्यांना, पतसंस्थांना सॉफ्टवेअर करून देणारी कंपनी म्हणायचं आपलं. एक हॉल, राऊत सरांची प्लायवूडची केबिन आणि एक भला मोठा इन्व्हर्टर. ते दिवस भारनियमनाचे होते. सगळ्या वऱ्हाडात लाईन निम्मा दिवस गुल असायची, पण आमच्या हॉलातला पंखा कधी थांबला नाही आणि सरांना त्या इन्व्हर्टरचं लेकरासारखं कौतुक होतं. पुण्याची नोकरी सोडून ते परत आले होते. आपल्या भागाचं काम आपल्या भागात झालं पाहिजे, असं ते प्रत्येक नव्या माणसाला सांगायचे. माणूस भला. पण विसराळू इतका, की विचारू नका.

आपा यायच्या आधी तक्रारी सरांच्या मोबाइलवर यायच्या. सर त्या हातात येईल त्या कागदावर लिहायचे, आणि हातात बहुतेक सिगरेटचं पाकीट असायचं. पाकीट संपलं की तक्रारही कचऱ्यात. मग व्यापारी स्वतः मोटरसायकलवर यायचा, संत्र्यांची थैली घेऊन. थैली ज्याच्या टेबलावर ठेवली, त्यानं हातातलं काम टाकून त्याचं करायचं, अशी आमची पद्धत होती. तिला पद्धत म्हणतात हेसुद्धा आम्हाला माहीत नव्हतं. एकच दुरुस्ती दोघं करायचे, दुसरी कुणीच करायचं नाही, आणि मग सगळे मिळून चहाला जायचे.

अशात ही आली. अकोल्याची. रोज पॅसेंजरनं बडनेऱ्यापर्यंत आणि तिथून ऑटोनं. उंच, रुंद हाडाची, मनगटावर पुरुषी घड्याळ, गळ्यात दोरीला बांधलेला चष्मा. आल्या आल्या चपला टेबलाखाली काढून फिरत्या खुर्चीवर मांडी घालून बसायची. आवाज असा, की ती फोनवर बोलली की खालच्या नळवाल्याला आमच्या सॉफ्टवेअरची खडान् खडा माहिती व्हायची. दुपारी पान खायला उतरलं की तो विचारायचा, "थे वजनाचं नीट झालं का वो मॅडम?" घेतली होती तिला चुका शोधायला, टेस्टर म्हणून. पहिल्याच आठवड्यात तिनं एका जुन्या कॉम्प्युटरवर फुकट मिळणारं एक सॉफ्टवेअर बसवलं आणि आमच्या आयुष्याची दिशाच फिरवली.

त्याला ट्रॅकर म्हणायचे. म्हटलं तर साधी गोष्ट. प्रत्येक तक्रारीचं, प्रत्येक कामाचं एक तिकीट. तिकिटाला नंबर. ते कुणी उघडलं, कुणाकडे दिलं, कुठवर आलं, हे सगळ्यांना सारखं दिसणार. सरांनाही, गिऱ्हाइकालाही. आज शाळेतल्या पोरालाही यात काही नवल वाटणार नाही. पण तोवर आमच्याकडे काम म्हणजे ज्याचा आवाज मोठा त्याचं. आपानं सगळ्यांचा आवाज एकाच मापाचा करून टाकला. तिचा स्वतःचा सोडून.

तिचा पहिला नियम, तोंडी काम नाही. हा नियम सर्वांत आधी सरांवर चालला. सर केबिनमधून बाहेर आले आणि म्हणाले, "आपा, त्या वरूडच्या बिलावर तारीख चुकतेय, बघून घ्या जरा."

"तिकीट टाका सर."

"अहो, मी सांगतोय ना तुम्हाला."

"सांगून राह्यले थे ऐकलं मी. आता टाका."

सर आत गेले, दार आपटलं. प्लायवूडचं दार आपटून आपटून किती आपटणार. आतून एकेका बोटानं टाइप केल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. शेवटी तिकीट आलं. त्यात लिहिलं होतं, "तारीख चुकते." आपानं ते तसंच परत पाठवलं, खाली स्वतःची ओळ टाकून: "काय केलं, काय दिसाले पायजे होतं, अन् काय दिसलं, तिन्ही लिहा." आम्ही की-बोर्डावर माना घालून हसलो. मग आमची पाळी आली आणि हसू जिरलं.

एक तिकीट एकाच माणसाकडे, हा दुसरा नियम. दोघांची नावं टाकलेली तिला खपायची नाहीत. "दोन घरचा पाहुना उपाशी," म्हणायची आणि एक नाव खोडायची. आणि "लक्षात ठेवतो" म्हणणाऱ्यावर तर तिचा भारी राग. "ध्यानात ठेवनारा मानूस मले पाह्यजेच नाई. ताप आला तं सगळं ऑफिस घेऊन झोपते थो."

संत्र्यांच्या थैल्या मात्र तिनं बंद केल्या नाहीत. थैली घ्यायची, सगळ्यांना वाटायची, स्वतः दोन सोलून खायची, आणि व्यापाऱ्याला स्क्रीनवर दाखवायची, "हे पाहा भाऊ, तुमचा नंबर. तुमच्या आंदी हे दोघं हायत." एकदा एक जण चिडला, संत्री परत मागू लागला. आपानं सालं पुढे केली.

सगळ्यात जाचक नियम शेवटचा. ज्यानं तिकीट उघडलं, त्यानंच ते बंद करायचं. प्रोग्रामरनं फक्त 'दुरुस्त केलं' एवढं लिहायचं आणि वाट बघायची. पंकज आमचा सर्वांत हुशार प्रोग्रामर. हात इतका साफ, की त्याचं काम बघताना मलाही हेवा वाटे. पण त्याला हा नियम म्हणजे अपमान वाटायचा. "माझ्याकडे चालतंय, आपा," तो म्हणायचा.

"मंग तुह्या मशीनलेच बसमंधी बसवून देते तिकडे. अर्धं तिकीट लागन."

हा नियम तिनं कुठून आणला, ते मला अकोल्याला कळलं. तिचे अब्बा पिंजारी. कापूस पिंजून गाद्या भरायचं दुकान. बहिणीच्या लग्नासाठी मी तिथं गादी सांगितली होती, ती आणायला गेले. अब्बांनी गादी दुकानाच्या फळीवर अंथरली आणि म्हणाले, "बेटी, लेट के देखो." मी भर बाजारात कशी झोपणार? लाजून म्हटलं, चांगली आहे, बांधून द्या. अब्बा ऐकेनात. "हमारी तो हर गद्दी अच्छी बोलने की आदत है. सोना तुमको है."

"झोप ना वं वंदे," आपा मागून म्हणाली. "कोनी पाहून नाई राह्यलं." चांगलं अर्धं अकोला पाहत होतं. मी झोपले. पाठीखाली एक गाठ लागली. अब्बांनी गादी उसवली, तो भाग पुन्हा पिंजला, पुन्हा शिवली, आणि मला पुन्हा झोपवलं. तोवर दोन गिऱ्हाइकं थांबून राहिली, त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. असल्या घरात वाढलेल्या माणसाशी 'माझ्याकडे चालतंय' म्हणून कोण वाद घालणार?

मग कापसाचं काम आलं. आमच्या ऑफिसनं तोवर पाहिलेलं सर्वांत मोठं. कापूस खरेदी केंद्रावर शेतकरी कापसानं भरलेल्या बैलबंड्या घेऊन येतात, रस्त्यावर दूरवर रांग लागते, आणि नंबरावरून भांडणं होतात. वशिल्याचा माणूस मधेच घुसतो, बाकीचे बैलांना चारा घालत बसून राहतात. आमच्या सॉफ्टवेअरनं फाटकावरच टोकन द्यायचं. टोकनाच्या क्रमानं बंडी आत, कापसाची प्रत ठरवणाऱ्या ग्रेडरकडे, मग वजनकाट्यावर. बस.

त्या वर्षांत सकाळी पेपर उघडू नये असं वाटायचं. आमच्यातल्या प्रत्येकाचं कुठं ना कुठं वावर होतं, काका-मामा होते, म्हणून शेतकऱ्यानं जीव दिल्याची बातमी कुणी मोठ्यानं वाचायचं नाही. आपाही त्यावर कधी बोलली नाही. एकदाच, टोकनाचं टेस्टिंग करताना, स्क्रीनवरची नजर न काढता मला म्हणाली, "त्याचं घर काई मले सुधरवता येत नाई, वंदे. नंबर सुधरवता येते. तं थो तरी बरोबर असला पायजे." मला तेव्हा काय वाटलं सांगू? मला तिच्या पाया पडावंसं वाटलं, आणि तेवढीच भीतीही वाटली.

हंगाम सुरू झाला. तिकिटं आली, दुरुस्त झाली, केंद्रांवरच्या माणसांनी बंद केली. एक राहिलं. बार्शीटाकळीच्या पुढे एक केंद्र होतं, तिथं फाटकावर गजूभाऊ नावाचा ऑपरेटर बसायचा. त्यानं इंग्रजी अक्षरांत आपली वऱ्हाडी टाइप केली होती: "लाईन आली का पयले आलेला मांगं जाते अन् मांगून आलेला पुढं जाते. मानसं मले मारतीन एक दिवस."

पंकजनं तपासलं. ज्या क्रमानं नावं भरली, त्याच क्रमानं टोकनं निघाली होती, तंतोतंत. त्यानं 'दोष आढळला नाही' लिहून तिकीट परत केलं. गजूभाऊनं लिहिलं, "नाई झालं." पंकजनं पुन्हा तपासलं, पुन्हा तेच. गजूभाऊचं पुन्हा तेच. त्या तिकिटाचं सासर-माहेर चालू राहिलं. पंकज म्हणाला, माणूस खोटं बोलतोय, पुढे घुसवतोय कुणाला तरी आणि खापर आपल्यावर फोडतोय.

"लाईन घालवून पाह्यलं का तू?" आपानं विचारलं.

"इथं लाईन जाते कुठं, आपा? इन्व्हर्टर आहे ना."

आपानं इन्व्हर्टरकडे एकदा बघितलं आणि गप्प बसली. तिचं गप्प बसणं इतकं नवीन होतं, की नळवाला वर येऊन बघून गेला.

तोवर सरांची घाई सुरू झाली होती. कापूस खरेदी करणाऱ्या संस्थेच्या अकोल्यातल्या साहेबांची सही हवी होती, काम पुरं झालं आणि एकही तक्रार उघडी नाही अशी. ती मिळाली तर पुढच्या हंगामात बाकीच्या जिल्ह्यांची केंद्रं आमची. नाही मिळाली तर हॉलातल्या निम्म्या खुर्च्या उचलाव्या लागतील, हे सरांनी सरळ सांगितलं होतं. सर शुक्रवारी आपाच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"ते बार्शीटाकळीचं बंद करून टाका. सगळे अधिकार तुमच्याकडे आहेत."

"हायत ना."

"मग?"

"पासवर्ड हाय, हात हाय, बोट हाय. पन मले कुठं तरास होऊन राह्यला? ज्याले होऊन राह्यला थो म्हनन, तवा बंद होईन."

सर तसे ओरडणारे नव्हते. हळूच म्हणाले, "आपा, सोमवारी मी यादी घेऊन अकोल्याला जातोय. त्यात ते तिकीट उघडं असेल, तर मंगळवारी तुम्ही आला नाहीत तरी चालेल."

"बरं," आपा म्हणाली.

सगळ्यांनी ऐकलं. फोमच्या गाद्या आल्यापासून अब्बांचं दुकान नावालाच राहिलं होतं आणि दोघा धाकट्या भावंडांचं शिक्षण आपावर होतं, हे सरांनाही माहीत होतं. मी तिला जिन्यात गाठलं. म्हटलं, "आपा, एका बोटाचं काम हाय. काहून जिद करून राह्यली?" ती चपलेचा पट्टा लावत म्हणाली, "उद्या अकोल्याले ये. बार्शीटाकळीले जाऊन येऊ." झालं. तिच्याकडून तेवढंच उत्तर.

शनिवारी आम्ही दोघी एसटीनं तिथं पोचलो. रस्त्याच्या कडेनं बंड्याच बंड्या, मधून मधून ट्रॅक्टर. कुणी बंडीखाली सावलीला झोपलेलं, कुणी बैलांपुढे कडबा टाकत होतं. गजूभाऊ बारका, पुढे आलेल्या दातांचा, गळ्यात मफलर. आपा त्याच्या मागे एका स्टुलावर बसली. त्याला म्हणाली, "आमी हावोत असं समजूच नका. रोज करता तसं करा." आणि खरंच, इतक्या मोठ्या आवाजाची ती बाई तासन् तास तोंड न उघडता बसली, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

दुपारी लाईन गेली. तिथला यूपीएस नावापुरता, दोन आचके देऊन तोही गेला. गजूभाऊ जराही थांबला नाही. त्यानं कागदाचे तुकडे काढले. बंडी आली की नाव-गाव लिहायचं, आणि चिठ्ठी टेबलावरच्या तारेत टोचायची. दुकानात बिलं टोचायला लाकडाच्या ठोकळ्यावर उभी तार असते, तसली. "लाईन आली का नंबर देतो," म्हणायचा. माणूस आपल्या बंडीकडे जायचा. एकावर एक चिठ्ठ्या चढत गेल्या.

लाईन आली. कॉम्प्युटर सुरू झाला. गजूभाऊनं तारेवरची सर्वांत वरची चिठ्ठी काढली आणि भरायला लागला.

मला अजून काही दिसलं नव्हतं. आपानं माझा हात धरला, तिची पकड आठवली तरी मनगट दुखतं. सर्वांत वरची चिठ्ठी, म्हणजे सर्वांत शेवटी आलेल्या माणसाची. त्याला पहिला नंबर. लाईन गेल्या गेल्या आला होता एक म्हातारा, त्याची चिठ्ठी सर्वांत खाली. त्याला शेवटचा नंबर मिळाला. तो खिडकीशी आला आणि गजूभाऊच्या आईचा उद्धार करायला लागला. गजूभाऊ हात जोडून म्हणत होता, "बाबाजी, मी नाई, कॉम्प्युटर करते."

गर्दी ओसरल्यावर आपानं विचारलं, "गजूभाऊ, वरून काहून भरता?"

"वरून नाई तं काय खालून भरू, मॅडम? ट्रेनिंगमंधी पंकज सर म्हनले होते ना, क्रम लावाचं काम कॉम्प्युटरचं. तुमी फक्त भरा."

तो खोटं बोलत नव्हता. त्याचा कॉम्प्युटरवर पंकजपेक्षा जास्त विश्वास होता, एवढंच. त्याला वाटायचं, कोण आधी आलं हे कॉम्प्युटरला ठाऊक असतं. आणि इकडे पंकज जे भरलं तेवढंच बघत होता, त्यात चूक सापडणार कुठून? आम्ही सगळे अंबापेठेत इन्व्हर्टरच्या वाऱ्याला बसून या माणसाला लबाड ठरवत होतो. मला वाटलं, आता आपा कुणाला तरी फाडून खाणार. ती म्हणाली, "चहा सांगा, गजूभाऊ. मोठा."

परत येऊन तिनं पंकजला समोर बसवलं आणि चिठ्ठ्यांचं सगळं सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. "मी ट्रेनिंगमधे तसं म्हणालो होतो, आपा, खरंय." आपा म्हणाली, "तू बरोबरच सांगतलं होतं. त्यानंबी बरोबरच केलं. मंधात लाईन गेली." तिकिटावर तिनं असंच लिहिलं. कुणाच्या नावानं चूक नाही लिहिली. पंकजनं रविवारी बसून एक नवा रकाना टाकला, 'आल्याची वेळ'. गजूभाऊनं चिठ्ठीवर घड्याळ बघून वेळ लिहायची. मग त्या कशाही भरल्या, तरी टोकन वेळेप्रमाणे निघणार. सोमवारी सकाळी नवं सॉफ्टवेअर केंद्रावर पोचलं. फोन करून गजूभाऊला सांगितलं. तिकीट मात्र उघडंच होतं, कारण त्यानंतर तिथली लाईन गेलीच नव्हती.

अकोल्याला सरांच्या गाडीतून आम्ही तिघं गेलो. मी कागद धरायला. साहेबांनी यादी वाचली आणि त्यांचं बोट नेमकं त्या एका ओळीवर थांबलं. सर काहीतरी गोल गोल बोलणार, एवढ्यात आपा म्हणाली, "दुरुस्त केलं हाय साहेब. पन ज्याले तरास होता, त्यानं अजून हो म्हनलं नाई."

साहेबांनी यादी बाजूला ठेवली. "मग त्याचं हो घेऊन या. मी संध्याकाळपर्यंत बसलोय."

सरांनी गाडी तशीच केंद्राकडे वळवली. बार्शीटाकळीचा रस्ता खड्ड्यांचा, पण एक खड्डा त्यांनी चुकवला नाही. केंद्रावर पोचताच ते गजूभाऊला म्हणाले, "ते तिकीट बंद करा बरं लवकर." गजूभाऊ उठून उभा राहिला, खुर्ची पुढे केली, आणि म्हणाला, "लाईन नाई गेली ना सर. गेल्याबिगर कसं करू?"

सरांनी आपाकडे बघितलं. आपा छताकडे बघत होती. मला हसू आवरेना. ही बाई या माणसाला दोनदा भेटली होती फक्त.

मग काय, बसलो. सगळं वऱ्हाड ज्या लाईनीच्या नावानं बोटं मोडत होतं, ती जावी म्हणून आम्ही देव पाण्यात घालून बसलो होतो. एरवी दुपारी हमखास जायची. त्या दिवशी पंखा मजेत फिरत राहिला. सर दर थोड्या वेळानं पंख्याकडे बघायचे, घड्याळाकडे बघायचे. शेवटी म्हणाले, "मेन पाडा हो कुणीतरी." आपा म्हणाली, "पाडा ना. मी काय नाई म्हनून राह्यली?" सर स्वतः मेन स्विचपाशी गेले, हात वर केला, आणि तेवढ्यात पंखा आपला आपण थांबला. सर तसेच हात वर करून उभे.

गजूभाऊनं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. सर्वांत आधी एक बाई आली, एकटीच, डोक्यावर पदर, हातात बैल हाकायची तुतारी, दोन पांढरे बैल. नाव, गाव, वेळ, चिठ्ठी तारेत. तिच्यामागून बंड्या येत गेल्या, चिठ्ठ्या चढत गेल्या. उन्हं कलली. सर खिशातला फोन काढून पुन्हा खिशात ठेवत होते.

लाईन आली. गजूभाऊनं सवयीनं वरूनच चिठ्ठ्या काढल्या. एकेक नाव भरलं, एकेक वेळ भरली. सगळ्या भरून झाल्यावर टोकनांची यादी स्क्रीनवर उमटली. सर्वांत वर त्या बाईचं नाव होतं, जिची चिठ्ठी त्यानं सर्वांत शेवटी भरली होती. त्यानं बोट ठेवून खालीपर्यंत यादी वाचली, पुन्हा वर येऊन वाचली, टोकनं खिडकीतून दिली. मग ट्रॅकर उघडला. "झालं," असं लिहिलं आणि तिकीट बंद केलं.

साहेबांची सही त्याच संध्याकाळी झाली, हे आत्ताच सांगून टाकते, नाहीतर तुमचं अर्धं लक्ष तिकडे राहील. पुढच्या हंगामाची कामं मिळाली, खुर्च्या राहिल्या, मंगळवारी आपा नेहमीच्या पॅसेंजरनं आली आणि सरांनी त्या विषयावर पुन्हा तोंड उघडलं नाही. पुढच्याच वर्षी अब्बा अंथरुणाला खिळले आणि ती नोकरी सोडून अकोल्याला राहिली. ती गेली त्या दिवशी मी रजेवर होते. काही दिवस फोन चालले, मग तिचा नंबर बदलला, दुकानाच्या जागी दुसरंच काही आलं. मी पुष्कळ शोधलं. तिच्यानंतर मी मोठ्या मोठ्या शहरांत मोठी मोठी माणसं पाहिली, काम कसं करावं यावर तासभर बोलणारी. त्यांचं ऐकताना मला ती संध्याकाळच दिसते.

तिकीट बंद झालं तेव्हा आपा खोलीत नव्हती. यादी उमटायच्याही आधी कधीतरी उठून बाहेर गेली होती. सर फोन कानाला लावूनच तिला शोधत निघाले, मी त्यांच्या मागे. ती फाटकाशी उभी होती, ओढणी डोक्यावरून घेतलेली, पायात चपलाही नव्हत्या. फाटकावरचा चौकीदार सवयीनं मागच्या एका ओळखीच्या ट्रॅक्टरला आत घ्यायला हात करत होता, आणि आपा त्याला पहिल्या टोकनाचा नंबर मोठ्यानं वाचून दाखवत होती. पहिल्या नंबराची ती एकटी आलेली बाई बैलांना उठवत होती. बैल बसून आंबले होते, उठेनात.

"आपा, बंद झालं," सर लांबूनच म्हणाले. "गजूभाऊनं केलं बंद. चला, साहेब थांबलेत."

तिनं वळूनही पाहिलं नाही. एक हात मागे करून आम्हाला थांबवलं.

"थांबा सर. बंडी आत जाऊ द्या."